दिन्याचा होडीछाप स्पॉयलर

"धर! धर! सोडू नको रे मेल्या, माझा डोक्या आत आसा!"

तुझा आवाज, आणि तोही डिकीच्या पोटातून, पिंपात तोंड घालून ओरडल्यासारखा. कमरेपर्यंत तू आत. बाहेर नुसते दोन पाय, आणि त्या पायांत वहिनींच्या चपला, कारण खाली यायच्या घाईत तुला स्वतःच्या चपला जन्मात कधी सापडल्या नाहीत. आणि मी? मी दोन्ही हात वर करून डिकीचं झाकण तोलून उभा, गोवर्धन उचलल्यासारखा. फरक एवढाच, की मला ते करंगळीवर जमत नव्हतं. मानेच्या शिरा टरारून वर आल्या होत्या.

"धरलंय रे! पण आटप की! काय शोधतोयस एवढं?"

"लिंबू."

"लिंबू?"

"पिशवीतून घरंगळला खंयतरी."

"दिन्या, अख्ख्या मुलुंडमध्ये लिंबं मिळतात."

"ता गावचा आसा."

त्या एका गावच्या लिंबासाठी मी तासभर डिकी धरून उभा होतो. तासभर! वरून उन्हाचा मारा, खालून डासांचा. इथे तू लगेच म्हणाला असतास, "सुऱ्या, निम्मं कर." बरं, अर्धा तास. "अजून निम्मं." बरं बाबा, पंधरा मिनिटं. माझी प्रत्येक गोष्ट तू अशी कापत आलास. मी वाघ सांगावा आणि तू त्याचं मांजर करून, दूध पाजून घरी पाठवावंस. आता निम्मं करणारा राहिला नाही, म्हणून ठणकावून सांगतो: तासभर उभा होतो. वाटल्यास येऊन खोटं पाड.

तू गेलास हे सोसायटीच्या फळ्यावर रीतसर लिहून झालं. जन्म कुठे, नोकरी कुठे, मागे कोण कोण, सगळं सुवाच्य अक्षरात. मला त्यातलं काहीच लिहायचं नाही. मला लिहायचंय ते त्या डिकीबद्दल आणि डिकीवर बसलेल्या त्या पंखाबद्दल. तू त्याला स्पॉयलर म्हणायचास, वहिनी त्याला कपडे वाळत घालायची दांडी म्हणायच्या आणि मी संकट म्हणायचो. झालं असं, की तुझं तेरावं उरकतं न उरकतं तोच तुझ्या लेकीने, मिनूने, त्याचा निकाल लावायचं ठरवलं. हा काढायचा आणि नवीन बसवायचा. म्हणजे मी इतकी वर्षं तुझ्या कानीकपाळी ओरडत होतो, नेमकं तेच. वाद मी जिंकलो, दिन्या. तू समोर नसताना जिंकलो. आणि हा वाद मला जिंकायचाच नव्हता, हे मला खाली पार्किंगमध्ये, मिनूच्या हातातल्या पान्याकडे बघताना कळलं.

पण सुरुवातीपासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे म्हणा, पण तुझं सगळं चुकीचं माहीत आहे.

गाडी तू घेतलीस तीच सेकंडहँड, घाटकोपरच्या एका कॉलेजातल्या हिरोकडून. साधीसुधी चंदेरी गाडी, पण त्या हिरोने तिला मागे हा पंख लावून घेतला होता. तू इंजिन पाहिलं नाहीस. टायर पाहिले नाहीस. सरळ मागे गेलास, पंखावरून हात फिरवलास आणि म्हणालास, "घेतली." आता स्पॉयलर असतो कशासाठी? गाडी सुसाट सुटली की वाऱ्याने मागून उचलली जाऊ नये, रस्त्याला चिकटून राहावी म्हणून. आणि तू चालवायचास कशी? एलबीएस रोडवर सायकलवाले तुला घंटी मारून पुढे जायचे. एकदा एक वरात तुला ओव्हरटेक करून गेली, नाचत नाचत, घोड्यासकट. हे मी निम्मं करणार नाही. घोडा होता.

"तुला रे कशाला हवाय पंख?" मी विचारलं होतं.

"शोभा."

"शोभा काय शोभा?"

"तुका मिशी कित्याक व्हयी?"

मिशीला हात लावलास की माझं तोंड बंद होतं, हे तुला शाळेपासून ठाऊक.

मग तो फणस. मे महिन्यात गावाहून परतत होतो. मागच्या सीटवर वहिनी आणि मिनू, डिकीत आंब्यांच्या पेट्या, आणि टपावर तुझ्या परसातला फणस. फणस कसला, डोंगर. त्याच्या सावलीत दोन म्हशी सहज बसल्या असत्या. गोणपाटात गुंडाळून टपावर दोरीने बांधला होता. घाटाच्या चढावर तू आयुष्यात पहिल्यांदा गाडी जरा जोरात दामटलीस, आणि मागून आवाज आला, आधी धप्प आणि मग कड्. फणस टपावरून घसरला तो नेमका त्या पंखावर बसला, राजा सिंहासनावर बसावा तसा. पंखाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. फणसही फुटला. वहिनींनी तिथेच रस्त्याकडेला बसून, हाताला खोबरेल चोळून गरे सोडवले आणि आपल्यामुळे मागे अडकलेल्या गाड्यांना वाटले. लोक हॉर्न वाजवत आले आणि बोटं चाटत गेले. एवढा आनंदी ट्रॅफिक जॅम मी नंतर पाहिला नाही.

तर मुद्दा गाठीचा. तू मरेपर्यंत म्हणत राहिलास, की दोरीची गाठ मी मारली होती. मी अजून सांगतो, तू मारली होतीस. मी दोरी धरली होती, बोट ठेवलं होतं, गाठ तुझी. तू गेलास म्हणून तुझ्याबद्दल चांगलंच बोलायचं हे मला मान्य आहे, पण गाठीच्या बाबतीत नाही.

मुलुंडला आल्यावर भांडण पेटलं. मी त्या वेळी प्लास्टिकच्या साच्यांच्या कारखान्यात. बादल्या, टब, खुर्च्या, सगळं आमच्याकडे ओतलं जायचं. मी तुला जीव तोडून सांगितलं, "प्लास्टिकला तडा गेला की गेला. चिकटवू नको. घाटकोपरला स्पेअर पार्टच्या दुकानात मिळेल, नवीन आण, बसव, विषय संपव."

"मोडला म्हणून टाकूचा? काल माका पाठीत उसण भरली. माका पण बदलूया?"

"तुझ्या मॉडेलचे पार्ट येत नाहीत."

"मग ह्याचे पण येनत नाय."

"येतात म्हणून तर सांगतोय ना!"

गॅलरीतून वहिनी ओरडल्या, "तो काढा आणि फेकून द्या! दोघांपैकी कोणालाही त्याच्यासोबत फेकलंत तरी चालेल!"

पण तुझं डोकं भलतीकडेच चाललेलं. तू मासे घ्यायला मुलुंडहून खारदांड्याला जाणारा माणूस, कारण तुझ्या मते मुलुंडचा पापलेट प्रवासाने थकलेला असतो. तिथे तुझा एक जोमा नाखवा होता, होड्या दुरुस्त करणारा. आता होड्या फायबरच्या. तुझा हिशोब सरळ होता: होडी फायबरची, जोमा फायबर जोडतो, होडी बुडत नाही, म्हणजे स्पॉयलर टिकणार. हे कोकणातल्या माणसाशिवाय कोणाला सुचेल? गाडी मोडली तर जगातला कुठलाही माणूस गॅरेजला जातो. तू बंदरावर गेलास.

आणि मला घेऊन गेलास. मांडीवर तो पंख आडवा घेऊन मी मुलुंड ते खारदांडा रिक्षाने गेलो. दोन्ही टोकं रिक्षाबाहेर. वाटेत लोकांना वाटलं असेल, मी उडायच्या बेतात आहे.

जोमा नाखव्याने पंख हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला, वास घेतला.

"काय हाय ह्ये?"

"गाडीचा मागचा पंख," तू म्हणालास.

"उडते गाडी?"

"नाय रे."

"मंग?"

"शोभा," मी म्हणालो. तू माझ्याकडे जळजळीत पाहिलंस.

"पान्यात टाकायचा हाय काय?"

"पाण्यात कशाला? गाडी आहे ती."

"तरी पन पान्याचाच करतो," जोमा म्हणाला. "बिनपान्याचं काम मना येत नाय."

आणि त्याने केलं. देवा! फायबरचं कापड, त्यावर रेझिन, त्यावर परत कापड, परत रेझिन. मी म्हटलं, "बास झालं." तो म्हणाला, "लाट येल तवा?" तू मान डोलावलीस, जशी मुलुंडमध्ये रोज भरती येते. शेजारच्या बायका सुकट निवडता निवडता विचारत होत्या, हे होडीचं कुठलं अंग. रंग त्याच्याकडे एकच होता, होडीचा निळा. चंदेरी गाडीला निळा पंख! "मॉलच्या पार्किंगात गाडी शोधूची लागाची नाय," एवढंच तू म्हणालास आणि खूश झालास. परत येताना मी तो मांडीवर घेतला तेव्हा माझे पाय गेले. जाताना पंख होता, येताना होडीच आली होती. निम्मं कर म्हणशील. बरं, अर्धी होडी.

मग तू तो गाडीवर बसवलास आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या अंगणात गाऱ्हाणं घातलंस. असा सोहळा आपल्या सोसायटीने त्याआधी पाहिला नव्हता. गाडीच्या मागे पाट, पाटावर नारळ, विड्याची पानं. तू टोपी घालून हात जोडून उभा, आणि खणखणीत आवाजात, "बा देवा म्हाराजा! आज ह्या गाडयेच्या मागल्या पंखाक जा काय इघ्न इला, फणसाच्या रूपान म्हण, की कोणाच्या चुकीच्या गाठीच्या रूपान म्हण..." इथे तू माझ्याकडे एक डोळा फिरवलास, देवासमोर! "...ता बारा वाटेन भायर काढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही चार मालवणी म्हणालो.

"आणि ह्या गाडयेक वारो लागांदे, पण उडांदे नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता तळमजल्यावरचे गुजराती काकाही म्हणाले, आणि वरच्या मजल्यावरच्या तमिळ मावशी तर सगळ्यांत मोठ्याने. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, की ही गाडीच्या इन्शुरन्सची काही तरी पद्धत आहे.

मग नारळ. जमिनीवर फोडायचा, अशी रीत. पण तुला मला दाखवायचं होतं. नारळ उचललास आणि सरळ त्या पंखावर आपटलास. फट्! नारळाची दोन भकलं, पाणी उडून गुजराती काकांच्या चष्म्यावर, आणि पंखावर ओरखडा नाही. टाळ्या पडल्या. तू दोन्ही हात वर केलेस, कपच जिंकल्यासारखे. "बदल म्हणी नवीन! बघलंस?" आणि त्याच जोशात प्रसादाचा डबा काढायला डिकी उघडलीस, आत वाकलास, आणि डिकी आपोआप खाली आली. धाडकन. तुझ्या पाठीवर.

तेव्हा कळलं. डिकीचं झाकण वर राहतं ते आतल्या दोन सळयांच्या जोरावर, आणि त्या सळया गाडीसाठी बनवलेल्या, होडीसाठी नाही. जोमाच्या पंखाचं वजन त्यांना पेलेना. तेव्हापासून ही गाडी दोन माणसांची झाली. एकाने डिकी धरायची, दुसऱ्याने सामान काढायचं. सुरुवातीला तू वहिनींच्या लादी पुसायच्या काठीचा टेकू लावायचास. बरा चालायचा तो टेकू. मग एके दिवशी तू म्हणालास, काठी चोरीला गेली.

काठी! मी तेव्हाही म्हटलं, दिन्या, लोक सायकली चोरतात, चपला चोरतात, लादी पुसायची काठी कोण चोरतं? तू म्हणालास, "दिवस वायट इले."

खरे वाईट दिवस माझ्याकडे आले होते. कारखाना बंद झाला तो तेव्हाच. मालकाने जागा विकली, तिथे टॉवर उभा राहणार होता, आणि आम्ही सगळे बादल्या-टबांसकट बाहेर. मी घरी बसलो. मी, ज्याचा आवाज नाक्यापर्यंत जायचा, तो मी, दिवसभर पंख्याकडे बघत पडायचो. खाली उतरायची लाज वाटायची. खाली उतरलं की कोणीतरी विचारणार, "मग, सध्या काय?" या तीन शब्दांना मी वाघापेक्षा जास्त घाबरायचो, आणि हा वाघ मांजर नव्हता, दिन्या. बायको बिचारी माझ्याशी कुजबुजत बोलायची, आजारी माणसाशी बोलावं तसं. लोक भेटायला यायचे, समजूत घालायचे. एकाने तर मला ध्यानाला बसायचा सल्ला दिला. मी चोवीस तास बसलेलोच होतो.

तू समजूत घालायला आलाच नाहीस. मला राग आला होता, आज सांगतो. एवढा जिगरी मित्र, एकदा दारात यायला काय झालं? आणि मग एका रविवारी खालून आरोळी.

"सुऱ्याऽऽ! ए सुऱ्या! डिकी धरूक माणूस होयो!"

मी खिडकीतून बघितलं नाही.

"सुऱ्याऽऽ! माझा हात आत आसा रे! दुसऱ्या हातान धरलंय! मेलंय मी!"

मी लेंग्यावर धावत खाली. तुझा हात कुठेच अडकलेला नव्हता. तू डिकीजवळ उभा राहून केळं खात होतास. "धर," म्हणालास. मी धरली. तू आतून बाजाराच्या पिशव्या काढायला लागलास, एकेक, एवढ्या सावकाश, की त्यात मी पेपर वाचून झोपही काढली असती. तोपर्यंत गुजराती काका आले, सेक्रेटरी आला, कोणीतरी विचारलं, "मग, सध्या काय?" मी तोंड उघडायच्या आत तू डिकीतून ओरडलास, "दिसता नाय काय? डिकी धरता!" सगळे हसले. मीपण. कित्येक दिवसांनी.

मग दर रविवारी आरोळी. मधल्या वारीही. भाजी आणली, आरोळी. गॅसचा सिलेंडर, आरोळी. एकदा तर डिकी पूर्ण रिकामी होती, मी धरून उभा, आणि तू आत वाकून म्हणालास, "काय नाय, जरा साफ करतंय." हळूहळू मी आरोळी न येताही खाली उतरायला लागलो. तिथेच, त्या डिकीखाली उभं असताना, तुझ्या ओळखीचा तो शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान बनवणारा माणूस भेटला आणि मला परत काम मिळालं. तुला थँक्यू म्हणायचं राहून गेलं. राहून काय गेलं, आपल्यात ती पद्धतच नव्हती. म्हटलं असतं तर तू कपाळाला हात लावून ताप बघितला असतास.

भांडण मात्र चालूच होतं. मी दर रविवारी डिकी धरून म्हणायचो, "नवीन आण, हलका असतो, डिकी आपली आपण उभी राहील." तू दर रविवारी म्हणायचास, "ह्याका काय झाला? नारळ फुटलो, ह्यो नाय फुटलो." माझी बाजू खरी होती, दिन्या. शंभर टक्के खरी. निम्मी केलीस तरी तुझ्यापेक्षा जास्त खरी.

आता तेराव्यानंतरचं ऐक. मिनू दहिसरहून आली होती. तिला गाडी हवी होती, आईला डॉक्टरकडे, बाजारात, तिच्याकडे ने-आण करायला. सकाळी वहिनी पार्किंगमध्ये पूजेचं सामान काढायला एकट्याच गेल्या. एका हाताने झाकण धरलं, दुसऱ्या हाताने ताट काढत होत्या. झाकण सुटलं. वहिनींच्या कानाला वारा लावून गेलं. ताट चेपलं. तेच डोकं असतं तर? मिनू ऐकेचना. पाना घेऊन खाली आली.

"काका, हा आज काढायचा."

"मिनू, जरा थांब गं."

"थांब काय? तुम्हीच म्हणायचात ना, बदला म्हणून? लहानपणापासून ऐकत आलेय मी."

"म्हणायचो."

"मग?"

"मग आता नाही म्हणत."

"का?"

आणि दिन्या, माझ्या तोंडून काय बाहेर पडलं माहितीये? "मोडला म्हणून टाकायचा? नव्या प्लास्टिकला काय जीव असतो? नारळ फुटला याच्यावर, हा नाही फुटला!"

मिनूने पाना खाली ठेवला. "काका, ही बाबांची वाक्यं आहेत."

"असतील. चांगली वाक्यं होती त्याची."

"काका, आईच्या डोक्यावर पडली असती."

"मी येईन ना धरायला. मी आहे ना. हाक मारायची फक्त."

"तुम्ही कायम कसे येणार? तुमचंही वय झालंय."

या पोरीला तू काय शिकवलंस रे? एवढं सरळ तोंडावर. तिची बाजू खरी होती, कारण ती माझीच बाजू होती. मी मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या. मालवणीत, म्हणजे तुला पोचतील. याच्यासाठी भांडायला थांबायचं होतंस ना जरा.

मिनूने मोबाईल काढला, ऑनलाईन नवा स्पॉयलर शोधायला. तेवढ्यात वहिनी खाली आल्या, पदराला हात पुसत.

"काय मागवतेस?"

"नवीन स्पॉयलर, आई."

"कशाला? घरात आहे."

"घरात? कुठे?" मिनूने विचारलं. मीही.

"दिवाणात आहे. पांघरुणांच्या खाली. त्यांनी आणून ठेवलाय."

मी वर गेलो. दिवाणाचं झाकण उचललं, आणि खोटं नाही बोलत, ते झाकण किती हलकं लागलं. जुन्या चादरीत गुंडाळलेला, आत प्लास्टिकची पिशवी, घाटकोपरच्या दुकानाचा स्टिकर तसाच. चंदेरी. गाडीच्या रंगाला रंग जुळवून घेतलेला. नवा, कोरा, हलका. मी एका हाताने उचलला. एका हाताने, दिन्या! माझ्या सगळ्या मुद्द्यांसारखाच निघाला. बरोबर.

गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने जोमाचा पंख काढला, काढताना त्याची कंबर धरली आणि त्याने विचारलं, "ये किसने बनाया, नेवी ने?" नवा बसवला, चार बोल्टांत. मिनूने डिकी उघडली. डिकी वर गेली आणि वरच राहिली. आपली आपण. मी तरी हात वर करून खाली उभा होतो. मिनूने दोनदा सांगितलं, "काका, सोडा आता, पडत नाही." मी सोडली. पडली नाही. वाईट एवढंच वाटलं, की मी म्हणत होतो तसंच झालं.

जुना पंख मी माझ्याकडे आणलाय. गॅलरीत ठेवलाय, दोन विटांवर. वर तुळस, मोगरा आणि बायकोचं कढीपत्त्याचं झाड. हललासुद्धा नाही. जोमा नाखव्याला सांगायला हवं. तूच सांगितलं असतंस, मासे आणायला गेल्यावर. आता मासे मुलुंडचेच खायचे, थकलेले.

पण माझ्या डोक्यातून तो दिवाण जाईना. नवा आणून ठेवलास म्हणजे तू मला खरं मानलंस. मग दर रविवारी कशाला भांडलास? आणि भांडलास ते भांडलास, पंख घरात असताना मला वर्षानुवर्षं त्या होडीखाली उभं केलंस? माझे खांदे गेले, दिन्या! डॉक्टरने हाडांचा फोटो काढला माझ्या!

संध्याकाळी वहिनींकडे चहाला बसलो. मिनू बाहेर गेली होती. मी विचारलं, "वहिनी, हा नवा कधी आणला होता त्याने?"

"बरीच वर्षं झाली, भाऊजी. तुमचा कारखाना बंद व्हायच्या आधीच्या दिवाळीत."

"मग बसवला का नाही?"

वहिनींनी बशीतला चहा संपवला, बशी कपाखाली ठेवली.

"मी विचारलं होतं. म्हणाले, घाई काय आहे, सुऱ्या येतो ना खाली."